गल्लोगल्ली बेलवलकर हवेतच

हौशी मंडळींनी जुन्या, अभिजात नाटकांच्या वाटेला जाऊ नये, हे मत अलीकडे फार ठामपणे मांडलं जातं. स्पर्धेच्या बक्षीस समारंभात परीक्षक ते ऐकवतात, परिसंवादात जाणकार सांगतात, आणि तालुक्याच्या गावात ‘एकच प्याला’ची जाहिरात लागली की चांगली वाचणारी-पाहणारी माणसंही कपाळाला आठ्या घालतात. ‘गल्लोगल्ली बेलवलकर झालेत’ हे ‘नटसम्राट’च्या म्हाताऱ्या नायकावरून केलेलं वाक्य मी एका परिसंवादात समोर बसून ऐकलं. सभागृहात मोठा हशा पिकला. बोलणारे नाटकातले जाणते होते, त्यांचं काम मी पाहिलेलं आहे, त्यांच्याविषयी आदर आहे. म्हणूनच त्यांचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नये, त्याला नीट उत्तर द्यावं, असं मला वाटतं.

त्यांचं म्हणणं असं की ही नाटकं थोर नटांनी एका उंचीवर नेऊन ठेवली आहेत. हौशी नट त्या थोरांची नक्कल करतो, ती जमत नाही, आणि नव्या प्रेक्षकाच्या मनात मूळ नाटकाविषयीच वाईट मत होतं. शिवाय काळ पुढे गेला. ‘एकच प्याला’तल्या सिंधूसारखी बाई आज रंगमंचावर कशाला हवी? हौशी माणसानं आपल्या काळाचं, आपल्या गावाचं नाटक करावं आणि जुनं व्यावसायिकांच्या हाती सोडावं. मी सहकारी बँकेत नोकरी करते आणि संध्याकाळी नाटक करते. ‘संशयकल्लोळ’मधली रेवती केली, सिंधू केली, बेलवलकरांची बायको कावेरीही केली. या म्हणण्यातला एकही मुद्दा मला पटत नाही.

आधी उंचीचंच बघू. ज्या बेलवलकरांची उंची आम्हाला दाखवली जाते, ते डॉ. श्रीराम लागूंचे. ‘नटसम्राट’चा पहिला प्रयोग २३ डिसेंबर १९७०चा. त्याच्या जेमतेम वर्ष-दीड वर्ष आधी, १९६९मध्ये, लागू पूर्णवेळ नट झाले होते. त्यापूर्वी ते कान-नाक-घशाचे सर्जन होते. पुण्यात त्यांनी व्यवसाय केला, आफ्रिकेत टांझानियात जाऊन केला. आणि नाटक? ते भालबा केळकरांच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनमध्ये, म्हणजे पीडीएमध्ये. भालबा स्वतः प्राध्यापक. पुढे ‘रंगायन’. म्हणजे ज्या बेलवलकरांना आपण मापदंड मानतो, त्यांच्यामागे दवाखाना बंद करून तालमीला जाण्याची कितीतरी वर्षं आहेत. चाळिशी ओलांडेपर्यंत हा माणूस हौशी नट होता. त्याला त्या काळात कुणी सांगितलं असतं, की बाबा, मोठी नाटकं मोठ्या नटांना करू दे, तर बेलवलकर कुठून आले असते?

त्या नाटकाचे दिग्दर्शक पुरुषोत्तम दारव्हेकर. ते नागपूरचे, ‘रंजन कला मंदिर’ या तिथल्या हौशी संस्थेतून वर आलेले. नाटक उभं केलं गोवा हिंदू असोसिएशनच्या कला विभागानं; मुंबईतल्या गोमंतकीयांच्या एका सामाजिक संस्थेनं नाटकाचा संसार मांडला होता. ‘नटसम्राट’च्या मुळाशी नोकरदार, दवाखानेवाले आणि शाळामास्तर आहेत, ही वस्तुस्थिती आहे.

आणखी मागे जा. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात ‘संगीत शाकुंतल’ झालं, तेव्हा अण्णासाहेब किर्लोस्कर रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीत नोकरीला होते. ‘शारदा’ आणि ‘संशयकल्लोळ’ लिहिणाऱ्या देवलांनी बेळगावात शिक्षकी केली होती. ‘हॅम्लेट’चं ‘विकारविलसित’ केलं आगरकरांनी, तेही काही भाग डोंगरीच्या तुरुंगात बसून. आणि ते गाजवलं शाहूनगरवासी मंडळीच्या गणपतराव जोशींनी. खाडिलकर ‘केसरी’त अग्रलेख लिहीत होते आणि ‘कीचकवध’ही लिहीत होते. व्यावसायिक एका अंगाला आणि हौशी दुसऱ्या अंगाला, अशी भिंत आपल्या रंगभूमीवर कधी नव्हतीच. कंपन्या होत्या, त्यात पोटासाठी नाटक करणारे थोर नट होते, त्यांचं ऋण आहेच. पण कंपनीला नाटक पुरवणारा, भाषांतर करून देणारा, तालमीत चुका काढणारा माणूस बहुतेक वेळा दुसरीकडे कुठेतरी पगार घेत असे.

बोलपट आल्यावर तर चित्र अगदी स्पष्ट झालं. तिसाच्या दशकात एकामागून एक कंपन्या मोडल्या, थिएटरांत पडदे लागले. तेव्हा मराठी नाटक कुणी धरून ठेवलं? १९३३मध्ये ‘नाट्यमन्वंतर’च्या शिकल्यासवरल्या तरुणांनी ‘आंधळ्यांची शाळा’ केलं आणि स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांना दिल्या. १९४४मध्ये मुंबई मराठी साहित्य संघानं रंगभूमीच्या शताब्दीचा महोत्सव भरवला. त्याच्यामागे उभे होते डॉ. अमृत नारायण भालेराव, पेशानं डॉक्टर. पुण्यात भरत नाट्य संशोधन मंदिर होतं, १८९४मध्ये ‘स्टुडंट्स सोशल क्लब’ म्हणून सुरू झालेलं. ज्या जुन्या नाटकांचं पावित्र्य आज आमच्यापासून जपायचं म्हणतात, ती नाटकं पडत्या काळात आमच्यासारख्यांनीच जपली. याचा मोबदला कुणी मागत नाही. पण निदान ‘हात लावू नका’ असं तरी ऐकवू नये.

यावर एक ठरलेलं उत्तर येतं: ती माणसं अलौकिक होती, तुम्ही नाही. कबूल. मी नाही. पण तालमीच्या पहिल्या दिवशी अलौकिक कोण, हे कुणाच्या कपाळावर लिहिलेलं असतं का? १६ डिसेंबर १९७२ला पीडीएनं ‘घाशीराम कोतवाल’ उभं केलं. दिग्दर्शक जब्बार पटेल डॉक्टर, नाना फडणवीस करणारे मोहन आगाशे डॉक्टर, बाकीच्यांत कुणी नोकरीतले, कुणी शिकणारे. आठ वर्षांनी हेच नाटक युरोपात गेलं. शंभर जण तालमीला येतात तेव्हा त्यातला एक निघतो. नव्व्याण्णवांना दारातूनच परत पाठवलं, तर तो एक आला होता हेही कळणार नाही.

आता नकलेचा मुद्दा. हा जरा थांबून बोलण्यासारखा आहे, कारण यात तथ्य आहे असं पुष्कळांना मनापासून वाटतं.

होय, आम्ही नक्कल करतो. पहिल्या पंधरवड्यात करतोच. घरी बालगंधर्वांच्या तबकड्यांवरून निघालेली ध्वनिमुद्रणं असतात, लागूंचं चित्रीकरण बघितलेलं असतं. कानात आधीच एक आवाज बसलेला असतो आणि तोंडातून तो बाहेर येतो. गाणं शिकणारी मुलगी वर्षानुवर्षं गुरूच्या गळ्यासारखं गाते, तिला कुणी नक्कल म्हणून हिणवत नाही. तिला तालीम म्हणतात. नाटकातच हा न्याय का नाही?

पण त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की अभिजात नाटकात नक्कल फार दिवस टिकतच नाही. नाटक ती टिकू देत नाही. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’त सिंधू लोकांची दळणं दळते तो प्रवेश घ्या. पाळण्यात मूल आहे, घरात दाणा नाही, आणि ती जात्यावर बसून ओवी म्हणते. आमच्या तालमी शाळेच्या वर्गात व्हायच्या. बाकं भिंतीला सारायची, मध्ये पाटावर बसायचं आणि जात्याच्या जागी एक उपडं पातेलं. मी पातेल्यावर हात फिरवत ओवी म्हणत असे, आणि ती अगदी तबकडीवरच्यासारखी म्हणायचा माझा प्रयत्न असे: लांब, मुरडत, प्रत्येक ओळीच्या शेवटी स्वर ठेवून. सगळ्यांना ते आवडायचं. मग आमच्या नेपथ्य करणाऱ्या भाऊंनी कुणाच्या तरी माजघरातून खरं दगडी जातं आणलं. दोघांनी उचलून वर्गात ठेवलं, खुंटा ठोकला, आणि भाऊ म्हणाले, ‘ताई, आता यात ज्वारी घाला आणि म्हणा.’

म्हणता येईना. दगड ओढताना पोटातून जोर लागतो, त्या जोराबरोबर श्वास बाहेर जातो, आणि स्वर लांबवायला श्वास उरतच नाही. खुंटा आपल्याकडे येताना थोडी उसंत मिळते. शब्द तेवढ्यातच म्हणून घ्यावा लागतो. मधेच एक हात सोडून जात्याच्या तोंडात मूठ घालायची, तेव्हा ओळ तुटते. तुटू द्यावी लागते. तीन-चार तालमींनंतर माझी ओवी पार बदलली. तिच्यातल्या मुरक्या गेल्या, ती आखूड झाली, दगडाच्या फेऱ्याला बांधली गेली. आणि पुढचा संवाद, जो मी आतापर्यंत गळा भरून म्हणत होते, तो आपोआप दमलेल्या आवाजात यायला लागला. हे मला कुठल्या ध्वनिमुद्रणानं शिकवलं नाही. गडकऱ्यांनी प्रवेशात जातं मांडून ठेवलंय, त्यानं शिकवलं. तबकडीसमोर उभं राहून तीन मिनिटांत गाणं पुरं करणाऱ्या बालगंधर्वांसमोर त्या वेळी जातं नव्हतं. रंगमंचावर त्यांनी ही ओवी कशी म्हटली असेल, हे तबकडी सांगू शकत नाही. मला तो प्रवेश अंगानं करावा लागला, तेव्हा कुठे त्या नाटकाची ताकद कळली. अशी नाटकं नुसती वाचून किंवा ऐकून भागत नाही, ती करून बघावी लागतात. आणि करून बघण्याचा हक्क चार-दोन नामवंतांपुरता कसा ठेवता येईल?

बेलवलकरांच्या बाबतीतही हेच. लागूंच्या नंतर दत्ताराम, सतीश दुभाषी, यशवंत दत्त यांनी बेलवलकर केले. पहिल्याची नक्कल नको म्हणून ते मागे हटले असते, तर ‘नटसम्राट’ एका नटाचं नाटक होऊन राहिलं असतं. ज्या गावात साठीचा एखादा निवृत्त तलाठी बेलवलकर करतो, तिथले प्रेक्षक त्याची तुलना लागूंशी करत नाहीत. त्याला मुलगा-सून आहेत, त्याचं घर नावावर करून द्यायचं चाललंय, हे गावाला ठाऊक असतं. त्याच्या तोंडून घर मागणारा म्हातारा ऐकताना पुढच्या रांगेतली माणसं खाली मान घालतात. हा अनुभव कमी प्रतीचा आहे, असं कुणी कुठल्या मोजपट्टीनं ठरवलं?

नाटक वाईट झालं तर मूळ कृतीची बदनामी होते, असंही म्हणतात. मला हे कधीच समजलेलं नाही. वाईट प्रयोगानं ‘सौभद्र’ मरत नाही. १८८२पासून त्याचे किती वाईट प्रयोग झाले असतील, तरी ते आज उभं आहे. नाटक मरतं ते प्रयोगच न झाल्यानं. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर एके काळी केवढे मोठे नाटककार! गडकरी त्यांना गुरू मानत. त्यांच्या नाटकांची नावं आज मराठी घेऊन एम.ए. करणाऱ्या मुलांच्या टिपणवहीत आहेत आणि रंगमंचावर जवळजवळ नाहीत. त्यांची बदनामी कुणा हौशी मंडळानं केली नाही. त्यांना कुणी हातच लावला नाही, एवढंच झालं. भासाचंही तसंच. कालिदासानं ज्याचं नाव आदरानं घेतलं, त्याची नाटकं शतकानुशतकं बहुतेकांना नावापुरती ठाऊक होती. १९१२च्या सुमारास गणपतिशास्त्रींनी त्रिवेंद्रमहून ती छापली, तेव्हा ती पुन्हा हाती आली. केरळात चाक्यार नटांनी मात्र त्यातले अंक मंदिरात करत ठेवले होते, म्हणून तिथे ती जिवंत होती. आज महाराष्ट्रात भासाचं ‘मध्यमव्यायोग’ किंवा ‘ऊरुभंग’ संस्कृतात बघायचं असेल, तर राज्य नाट्य स्पर्धेच्या संस्कृत विभागात जावं लागतं. तिथे ते करतात शिक्षक, विद्यार्थी, कारकून. तेही त्यांनी सोडावं का?

‘व्यावसायिकांच्या हाती सोडा’ म्हणणाऱ्यांनी एकदा व्यावसायिक निर्मात्याच्या वहीत डोकवावं. मी व्यावसायिकांना दोष देत नाही, त्यांचा हिशेब खरा आहे. आज चालणारं नाटक दोन अंकांचं, पाच-सहा पात्रांचं, एका सेटचं असतं. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्यात आणि मग जमेल तसा दौरा. ‘सौभद्र’ला गाणारे नट-नट्या लागतात, नुसते बोलणारे चालत नाहीत. ऑर्गनवाला, तबलजी लागतात. पौराणिक ड्रेपरी लागते. मंडळींना नेणारी बस, सेट नेणारा टेम्पो, मुक्काम, जेवणं. अधूनमधून एखादा मोठा निर्माता किंवा नामवंत गायक-नट हे धाडस करतो. राहुल देशपांड्यांनी ‘कट्यार’ पुन्हा रंगमंचावर आणलं, चंद्रकांत कुलकर्णींनी २०१८मध्ये ‘हॅम्लेट’ केलं. दोन्हींचं मी मनापासून स्वागत केलं. पण ते प्रयोग किती गावांत पोचले? आमच्या तालुक्याला नाही. पोचणं शक्यही नव्हतं. मग आमच्या गावच्या माणसानं ‘शारदा’ कधी बघायची? पडद्यावर, मोबाइलवर, की मुळीच नाही?

गोव्यात हा प्रश्न कुणी विचारतच नाही. तिथल्या देवळांच्या जत्रांत आणि उत्सवांत गावची मंडळी मराठी नाटकं करत आली आहेत. त्यात पौराणिक, ऐतिहासिक, संगीत सगळं येतं. कुणी बागायतदार, कुणी गाडी चालवणारा, कुणी शाळेतला; भूमिका घराण्यात चालत आल्यासारखी वडिलांकडून मुलाकडे येते. रात्री उशिरा सुरू झालेलं नाटक उजाडेपर्यंत चालतं आणि लोक बसून राहतात. मंगेशीचे मास्टर दीनानाथ आणि पंडित जितेंद्र अभिषेकी यांच्यासारखे गळे अशा गावांनी महाराष्ट्राच्या रंगभूमीला दिले. जिथे गावोगाव नाटक होतं, तिथे गावोगाव गाणारा माणूस तयार होतो. आपल्याकडे संगीत नाटकाला गायक नट मिळत नाही अशी तक्रार परिसंवादात वर्षानुवर्षं ऐकतोय. तो मिळायचा असेल तर तो आधी कुठेतरी कच्चा, बेसूर, घाबरलेला उभा राहायला हवा. ती जागा हौशी रंगमंचाची आहे.

आता सिंधू. एक बाई म्हणून मला हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो आणि मी त्याचं उत्तर टाळत नाही. नवरा सुधाकर दारू पितो, मूल मारतो, हिला मरणाच्या दारात नेतो, आणि मरताना ही पोलिसांपुढे खोटं बोलून त्याला वाचवते. असल्या बाईचा उदोउदो आज कशाला?

उदोउदो करायचा की नाही, ते प्रयोग करणाऱ्याच्या हातात असतं. तो प्रवेश आम्ही दोन तऱ्हांनी करून बघितला. आधी जुन्या वळणानं केला: नजर वर, आवाज भरदार, त्यागाची मूर्ती. ते खोटं वाटत होतं, कारण मलाच ते खोटं वाटत होतं. मग आमच्यातल्या एकीनं, ती सरकारी दवाखान्यात परिचारिका आहे, सांगितलं की मार खाऊन येणारी बाई कशी बोलते. ती कारण सांगताना आपल्याकडे बघत नाही. पाय घसरला, न्हाणीत पडले, असं काहीतरी, लवकर उरकायचं म्हणून, पाठ केल्यासारखं सांगते. मी सिंधूचं ते खोटं तसं म्हटलं. गडकऱ्यांचा एक शब्द बदलला नाही, एक काढला नाही. पण आता प्रेक्षकांतल्या बायकांना त्यात पतिव्रता दिसली नाही, शेजारीण दिसली. गडकऱ्यांनी त्याच नाटकात तळीरामाची गीताही लिहून ठेवली आहे, नवऱ्याला ताडताड उत्तर देणारी. आमच्या गावच्या बचत गटांच्या बायका गीतेच्या प्रवेशाला जोरात टाळ्या वाजवतात आणि सिंधूच्या प्रवेशाला वाजवत नाहीत. नाटक त्यांना बरोबर कळतं.

गावातलं दारूचं दुकान बंद व्हावं म्हणून बायकांना ‘बाटली आडवी’ करायला मतदान घ्यावं लागतं, अशा राज्यात आपण राहतो. १९१९मध्ये बडोद्याला पहिल्यांदा झालेलं हे नाटक जुनं झालं, हे म्हणायला फार सुरक्षित घर लागतं. ज्यांना सिंधू नकोशी वाटते त्यांच्या मनातला राग मला समजतो, पण त्या रागाचं नाटक करता येतं. न करता गप्प बसलं, की सिंधू पुस्तकात तशीच देवी होऊन राहते आणि तिला कुणी प्रश्न विचारत नाही.

नवीन नाटक करा, हा सल्लाही चांगला आहे आणि आम्ही तो पाळतो. आमच्या मंडळानं नव्या लेखकांची नाटकं केली आहेत, पुढेही करू. पण नवं आणि जुनं ही एकमेकांची वैरी आहेत असं समजणं चूक आहे. ‘घाशीराम’नं दशावताराचा, खेळ्यांचा, कीर्तनाचा ठेवा वापरला. आळेकरांच्या ‘महानिर्वाण’मध्ये कीर्तन आहे. तेंडुलकर-आळेकरांनी जुन्यावर उलट हल्ला केला, तोही जुनं अंगात मुरलेलं होतं म्हणून जमला. आमच्या स्पर्धांमधली नवी नाटकं मी बघते. पुष्कळ चांगली असतात. पण अनेकांत पात्रं तुटक बोलतात, वाक्य पुरं करत नाहीत, आणि नटाला चार ओळींचं एक वाक्य दिलं की त्याचा श्वास मधेच संपतो. गडकऱ्यांचं लांब, पल्लेदार वाक्य शेवटपर्यंत अर्थ न सांडता न्यायला शिकलेला नट नव्या नाटकातही वेगळा उभा राहतो. तो शब्दाला घाबरत नाही. देवलांचा फाल्गुनराव केलेल्याला विनोदाची वेळ सांगावी लागत नाही. ही शाळा बंद करून नवीन नट कुठे घडवायचे, ते टीकाकारांनी सांगावं.

एवढं सगळं म्हटल्यावर माझ्याच लोकांशीही बोलायला हवं, कारण टीकाकारांना बोलायला जागा आपणच करून दिली आहे. पाठांतर न करता विंगेतल्या प्रॉम्प्टरवर विसंबून ‘संशयकल्लोळ’ उभं करणाऱ्यांचा मला राग येतो. ऑर्गनवाला मिळत नाही म्हणून मोबाइलवरचा ट्रॅक लावून पदं म्हणतात, तेव्हा नट गाण्याला थांबवू शकत नाही, वन्समोअर घेऊ शकत नाही. गाणं त्याच्या डोक्यावर बसतं. काटछाट करावी लागते, तीन तासांत बसवावंच लागतं, पण कात्री लावण्याआधी नाटक तीनदा तरी वाचावं. लेखकाचं किंवा वारसांचं मानधन बुडवून प्रयोग करणं ही तर सरळ चोरी आहे. या गोष्टींवर परीक्षकांनी कान धरले तर मी त्यांच्या बाजूची. निष्काळजीपणाबद्दल बोला, अगदी कठोर बोला. पण निष्काळजी व्यावसायिक प्रयोगही मी तिकीट काढून पाहिले आहेत, आणि त्यानंतर व्यावसायिकांनी नाटक सोडावं असं कुणी म्हटल्याचं ऐकलेलं नाही.

लोक विचारतात, यातून तुम्हाला मिळतं काय? पैसे मिळत नाहीत, घरच्यांचा वेळ जातो, रजा खर्ची पडते. आमचा ‘सौभद्र’मधला कृष्ण वायरमन आहे. पावसाळ्यात तालमीच्या मध्यात फोन येतो आणि तो खांबावर चढायला निघून जातो. परत येतो तो ओल्या कपड्यांनी, आणि जिथे सोडलं होतं तिथून पद उचलतो. त्याला दिवसभर लोक लाइट कधी येणार एवढंच विचारतात. संध्याकाळी तो किर्लोस्करांचे शब्द उच्चारतो, रुसलेल्या बलरामाला समजावतो, आख्खं कारस्थान हसत हसत रचतो. शिक्षण दहावीपर्यंतचं. त्याच्या तोंडची ती मराठी ऐकताना मला वाटतं, या भाषेवर त्याचा हक्क कुठल्याही प्राध्यापकाइतकाच आहे, आणि तो त्याला या नाटकानं मिळवून दिला. मी स्वतः दिवसभर काउंटरवर पासबुकं आणि कर्जाची प्रकरणं बघते. तिथे माझ्या आवाजाला दोनच पट्ट्या लागतात. रेवती करताना मला कळलं की माझ्याकडे आणखी पुष्कळ आहेत. हे सुख मोठं नाटकच देतं. हलक्याफुलक्या नाटकानं वेळ चांगला जातो, पण माणूस आपल्या मापाहून मोठा होऊन उभा राहत नाही. आम्हाला मोठ्या भूमिका हव्यात, कारण आमचं आयुष्य लहान खोल्यांत जातं.

म्हणून माझं मागणं साधं आहे. परीक्षकांनी प्रयोग तपासावा, नाटकाची निवड हा गुन्हा मानू नये. ‘हे तुम्ही घ्यायलाच नको होतं’ याऐवजी ‘तिसऱ्या अंकात तुमचा सुधाकर लवकर चढतो’ असं सांगितलं, तर आम्ही दुसऱ्या दिवशी तालमीला लागू. नाट्यगृहं चालवणाऱ्या नगरपालिकांनी हौशी संगीत नाटकाला भाड्यात सवलत द्यावी, आणि अडगळीत पडलेले जुने ऑर्गन आणि पायपेट्या दुरुस्त करून संस्थांना वापरायला द्याव्यात. त्या वाजवणारी माणसं अजून हयात आहेत, पुढची पिढी त्यांच्याकडून शिकायला तयार आहे. आणि तुम्ही, वाचकहो, गावात ‘शारदा’ किंवा ‘एकच प्याला’ची जाहिरात दिसली तर तिकीट काढून या. नांदीच्या आधी या, शेवटपर्यंत बसा, आणि नाही आवडलं तर मागच्या दारानं रंगपटात येऊन तोंडावर सांगा. आम्ही तिथे मेकअप उतरवत बसलेलो असतो.